जुनापाणीची शिळावर्तुळं: पहिल्यांदा पाहायला जाणाऱ्यांसाठी

नागपुरातून काटोल रस्त्याला लागलं की दहा-बारा किलोमीटरवर जुनापाणी येतं. तिथल्या मुरमाड, झुडपी जमिनीवर दगडांची सुमारे तीनशे वर्तुळं विखुरलेली आहेत. त्यांतली बरीचशी अडीच हजार वर्षांहून जुनी. तरीही पहिल्यांदा जाणारी माणसं पुष्कळदा दहा-पंधरा मिनिटांत परत फिरतात. त्यांना दोष देता येत नाही. तिथं शिखर नाही, कोरीव खांब नाही, शिलालेख नाही. गोलाकार मांडलेले ओबडधोबड दगड आहेत आणि मध्ये गवत. काय पाहायचं हे कुणी सांगितलेलं नसेल तर खरोखरच काही दिसत नाही.

या लेखात क्रमाने सांगायचं आहे ते हेच: आधी काय वाचायचं, कुठं थांबायचं, कशाकडे बघायचं, कशाला हात लावायचा नाही आणि तिथून पुढे कुठं जायचं. माझं ठाम मत आधीच नोंदवतो. वर्तुळ म्हणजे या गोष्टीचा एकच भाग. त्याच्या पोटात ठेवलेल्या वस्तू आता संग्रहालयांत आहेत आणि वर्तुळं मांडणाऱ्यांची गावं नदीकाठच्या पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या जागेत, आहेत. तिन्ही जोडून पाहिलं तरच माणसं दिसू लागतात.

निघण्याआधी एवढं माहीत असू द्या

ही वर्तुळं म्हणजे दफनस्थळं. साधारणपणे इसवी सनापूर्वी १००० ते ३०० या काळात विदर्भात राहणाऱ्या लोकांनी ती उभारली. लोखंड वापरणारे, शेती आणि पशुपालन करणारे, घोडा बाळगणारे हे लोक. त्यांचं लिखित काहीच आपल्यापर्यंत आलेलं नाही. ते स्वतःला काय म्हणत, कुठली भाषा बोलत, कुणाची पूजा करत, हे सांगणारा एक शब्दही मागे नाही. मोठे दगड वापरून स्मारकं उभारणाऱ्या अशा समाजांना अभ्यासक महापाषाणीय किंवा बृहदश्मयुगीन म्हणतात. दक्षिण भारतात कर्नाटक, तमिळनाडू, केरळ, आंध्र आणि तेलंगणात त्यांच्या शेकडो जागा आहेत. महाराष्ट्रात मात्र त्या जवळजवळ सगळ्या विदर्भात आहेत आणि सर्वांत दाट नागपूर जिल्ह्यात.

काळाचा अंदाज यावा म्हणून: गौतम बुद्ध उत्तरेत धर्मोपदेश करत होते त्या सुमारास विदर्भातही ही दफनं चालू होती. इंग्लंडमधलं स्टोनहेंज याहून कितीतरी जुनं, त्याचं बांधकाम इसवी सनापूर्वी तिसऱ्या सहस्रकात झालं. दगड गोल मांडले एवढ्यावरून या दोन्हींचं नातं जोडणारे लेख इंटरनेटवर बरेच सापडतात. ते बाजूला ठेवा. काळ वेगळा, प्रदेश वेगळा, हेतू वेगळा.

जुनापाणीची माहिती अभ्यासकांपर्यंत पोचली ती एकोणिसाव्या शतकात. रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने इथली काही वर्तुळं उघडली आणि १८७९ मध्ये त्यांच्याविषयी लिहिलं. दगडांवरच्या वाटीसारख्या खळग्यांची भारतातली पहिली नोंद त्याचीच. पुढे १९६१-६२ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणातर्फे बी. के. थापर यांनी इथं शास्त्रशुद्ध उत्खनन केलं. त्यानंतरच्या दोन दशकांत पुरातत्त्वज्ञ शां. भा. देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाकळघाट-खापा, माहुरझरी, नायकुंड अशा जागा खणल्या. विदर्भाच्या या काळाबद्दल आज आपण जे बोलू शकतो त्याचा मोठा भाग या उत्खननांतून आला आहे.

पहिला थांबा मैदानावर नको, संग्रहालयात

बरेच जण आधी जागा पाहतात आणि वेळ उरला तर संग्रहालयात डोकावतात. मी उलटा क्रम सुचवेन. वस्तू पाहून गेलात तर त्या जमिनीखाली काय काय ठेवलेलं होतं ते डोळ्यांपुढे असतं.

नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे नागपूरकरांचा अजब बंगला, १८६३ पासून आहे. तिथलं पुरातत्त्व दालन आधी पाहा आणि विदर्भातल्या उत्खननांच्या वस्तू कुठल्या कपाटांत आहेत हे कर्मचाऱ्यांना विचारून घ्या. पुण्यात राहत असाल तर डेक्कन कॉलेजचं पुरातत्त्व संग्रहालय जवळ पडेल. बरीचशी संग्रहालयं सोमवारी बंद असतात, म्हणून आधी चौकशी करून निघा. जुनापाणीच्या काही वस्तू लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये गेल्या आहेत. त्यांच्या नोंदी त्या संग्रहालयाच्या संकेतस्थळावर शोधता येतात.

कपाटासमोर उभे राहाल तेव्हा चार प्रकारच्या वस्तूंवर वेळ घालवा.

एक, खापरं. आतून आणि काठाकडे काळी, बाहेरून खाली तांबडी अशी भांडी या लोकांची खूण मानली जाते. भांडं उपडं ठेवून भाजलं की आतल्या भागाला हवा मिळत नाही, तो काळा पडतो आणि बाहेरचा तांबडा होतो, असं त्याचं स्पष्टीकरण दिलं जातं. याच्या जोडीला अभ्रकाचे कण चमकणारी तांबडी भांडीही विदर्भात भरपूर मिळतात.

दोन, लोखंड. कुऱ्हाडी, छिन्न्या, खंजीर, भाले, कुदळी. विदर्भाची खास कुऱ्हाड ओळखायला सोपी आहे: सपाट पातं आणि दांडा घट्ट बसवण्यासाठी त्यावर आडव्यातिडव्या टाकलेल्या लोखंडी पट्ट्या. गंजलेला तुकडा म्हणून पुढे जाऊ नका. माहुरझरीला मिळालेल्या एका छिन्नीची धातुतपासणी झाली तेव्हा ती पोलादाची निघाली. म्हणजे लोखंडात कार्बन मुरवून धार टिकवायची कशी, हे त्या लोहारांना ठाऊक होतं.

तीन, तांबं. झाकणाची भांडी, आणि झाकणावर पक्षी किंवा कळीच्या आकाराची मूठ. या समाजाची सौंदर्यदृष्टी जितकी या झाकणांत दिसते तितकी दुसऱ्या कशातच नाही असं मला वाटतं. घोड्याच्या तोंडावर बांधायचे तांब्याचे पत्रेही याच वर्गातले.

चार, मणी. लाल अकीक, गोमेद अशा कठीण दगडांचे. त्यांना आरपार पाडलेली भोकं नीट पाहा. ते काम किती नाजूक आहे हे भोकाकडे बघितल्यावरच कळतं.

कधी जायचं, काय न्यायचं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात आणि त्यानंतर काही आठवडे गवत इतकं वाढलेलं असतं की छोटे दगड त्यात बुडून जातात. एप्रिल-मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि या माळावर सावली फार कमी. दिवसातली वेळ सकाळी लवकर किंवा दुपार उतरल्यावरची. याचं कारण ऊन एवढंच नाही, ते खळग्यांच्या भागात सांगतो.

बूट घोट्यापर्यंतचे हवेत. कुसळं मोज्यांत शिरतात, विंचू आणि सापही असतात. पाणी, टोपी, वही, पेन्सिल, मोजपट्टी आणि दोन-चार जण असतील तर एक लांब दोरी. मोबाईलमधलं होकायंत्र पुरतं. कुदळ, खुरपं, धातुशोधक यंत्र असलं काहीही सोबत नको.

जुनापाणीला स्वतःच्या वाहनाने जाणं सोयीचं. नकाशावर जागा सापडते, पण शेवटच्या टप्प्यात गावातल्या माणसांना विचारणं जास्त खात्रीचं. ‘काका, ते दगडाचे गोल कुठं हायेत?’ असं विचारलं तर लोक आपणहून वाट दाखवतात. बाजूच्या शेतात शिरायचं असेल तर शेतकऱ्याला विचारूनच शिरा, मग पीक उभं असो वा नसो.

पोचल्यावर आधी सभोवताली बघा

दगडांकडे धावू नका. पाच मिनिटं कडेला उभे राहून जमीन पाहा. पायाखाली मुरूम आहे, माती पातळ आहे, झाडं खुरटी आहेत. विदर्भात अशा जमिनीला बरड म्हणतात. थोडं खाली उतरलं की काळी कसदार जमीन लागते आणि तिच्या पलीकडे ओढा किंवा नदी. विदर्भातल्या बहुसंख्य वर्तुळांची जागा अशीच आहे. पिकाची जमीन जिवंतांसाठी राखायची आणि मृतांना बरडावर ठेवायचं. बरडावर बांधकामासाठी दगडही हाताशी असतो.

हे एकदा लक्षात आलं की पुढच्या प्रवासात कुठलाही अनोळखी माळ तुम्ही वेगळ्या नजरेने पाहाल. वर्तुळं एकेकटी नसतात, घोळक्याने असतात. कुठला घोळका उंचवट्यावर आहे, कुठला उतारावर, मोठी वर्तुळं कुठं आहेत, हे वहीत ढोबळ रेखाटून घ्या. रेखाटन वाकडंतिकडं आलं तरी चालेल. फोटोत अंतराचा अंदाज हरवतो, रेखाटनात राहतो.

आता एकच वर्तुळ निवडा आणि तिथं थांबा

तीनशे वर्तुळं पाहायची नाहीत. एक निवडा, शक्यतो मोठं आणि ज्याचे दगड जागेवर आहेत असं.

आधी बाहेरून पूर्ण फेरी मारा. दगड मोजा. ते एकमेकांना चिकटून आहेत की मध्ये फटी आहेत? कुठं दगड गायब झालाय? एका बाजूचे दगड दुसऱ्या बाजूपेक्षा मोठे आहेत का? काही ठिकाणी एकाच्या आत एक अशी दुहेरी वर्तुळंही असतात, तेही तपासा. मग दोरीने किंवा पावलांनी व्यास मोजा, एकदा उत्तर-दक्षिण आणि एकदा पूर्व-पश्चिम. विदर्भातली वर्तुळं साधारण दहा मीटरपासून तीस मीटरपर्यंत भरतात. दोन्ही मापं जवळपास सारखी आली तर विचार करा: एवढा गोल त्यांनी आखला कसा? मध्ये खुंटी ठोकून दोरी फिरवली की आपोआप गोल येतो. तुम्हीही तीच दोरी धरून उभे असता, आणि त्या आखणाऱ्या माणसाच्या इतक्या जवळ नेणारी दुसरी कृती मला माहीत नाही.

त्यानंतर मधल्या भागाकडे बघा. तो बाहेरच्या जमिनीपेक्षा थोडा उंच, फुगीर दिसतो. ती नैसर्गिक माती नव्हे. उत्खननांत साधारण अशी रचना दिसली आहे: तळाशी अवशेष आणि वस्तू, त्यावर दुसरीकडून आणलेली काळी चिकण माती, त्यावर मुरूम आणि दगडगोट्यांची भर, आणि भोवती मोठ्या शिळांचं कडं. काळी माती वरच्या बरडावर मिळत नाही, ती खालून वाहून आणावी लागते. एका माणसासाठी किती टोपल्या आल्या असतील, त्या वाहणारे हात किती असतील, हे तिथं उभं राहूनच जाणवतं. कुटुंबापुरतं हे काम नव्हतं, वस्तीच एकत्र येत असणार. आणि सगळ्यांसाठी एवढे कष्ट घेतले जात नसतील, असंही वस्त्यांच्या आकाराकडे पाहून वाटतं.

आत सबंध सांगाडा असेल अशी कल्पना करू नका. विदर्भात पुष्कळदा हाडांचे थोडेच तुकडे मिळतात. देह आधी दुसरीकडे ठेवून नंतर निवडक अस्थी इथं आणल्या जात असाव्यात, असं अभ्यासकांना वाटतं.

मध्यभागी खोल खड्डा दिसला तर तो बहुधा धनाच्या लोभाने कुणीतरी केलेला किंवा जुन्या उत्खननाचा. आणि शेताच्या धुऱ्यावर रचलेल्या दगडांच्या राशींना वर्तुळ समजू नका. नांगरटीत निघालेले दगड शेतकरी कडेला टाकतो, ते लहान असतात आणि त्यांना आखणी नसते.

खळगे शोधा

जुनापाणीची ही सर्वांत विलक्षण गोष्ट आहे, म्हणून इथं घाई नको. काही शिळांच्या पृष्ठभागावर छोटे, गोल, गुळगुळीत खळगे कोरलेले आहेत. कुठं दोन-तीन, कुठं ओळीने, कुठं दोन समांतर ओळींत. जुनापाणीतल्या ५६ वर्तुळांमध्ये ते नोंदले गेले आहेत, म्हणजे बहुतांश वर्तुळांत ते मिळणार नाहीत. ते नाहीत म्हणून निराश होऊ नका, पुढच्या वर्तुळाकडे जा.

भर दुपारी खळगे दिसत नाहीत, कारण उजेड सरळ वरून पडतो आणि सावली तयार होत नाही. सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात प्रत्येक खळग्याच्या काठावर सावलीची चंद्रकोर उमटते आणि ओळी एकदम उठून दिसतात. ऊन नसेल तर टॉर्च दगडाला जवळजवळ समांतर धरा. खडूने रंगवून, पाणी भरून किंवा तेल लावून खळगे ठळक करायचा मोह टाळा. दगडाचं त्याने नुकसान होतं.

नैसर्गिक खड्डा आणि कोरलेला खळगा यांतला फरक सरावाने कळतो. बेसाल्टमध्ये वायूच्या बुडबुड्यांमुळेही भोकं असतात, पण ती वेड्यावाकड्या आकाराची आणि कुठेही विखुरलेली असतात. कोरलेले खळगे आकाराने जवळपास सारखे असतात आणि त्यांच्यातलं अंतरही बऱ्यापैकी समान.

ते कशासाठी? यावर एकमत नाही. काही संशोधकांनी खळगे असलेल्या शिळा वर्तुळाच्या केंद्रापासून कुठल्या दिशांना येतात हे मोजून पाहिलं. त्या ठरावीक दिशांनाच जास्त येतात असं आढळल्यावर सूर्य-ताऱ्यांच्या निरीक्षणाशी त्यांचा संबंध असावा, असं त्यांनी सुचवलं. इतरांना त्यात मृत्युविधीची खूण दिसते. तुम्हीही वर्तुळाच्या मध्याजवळ उभे राहून होकायंत्राने दिशा टिपा. एका वर्तुळावरून निष्कर्ष निघत नाही, पण प्रश्न कसा विचारला गेला ते हातात कळतं.

उचलायचं काहीही नाही

पायाखाली एखादं खापर किंवा मणी दिसू शकतो. त्याच्या शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढा, जागा नोंदवा आणि तो तिथंच राहू द्या. खापराचं मोल ते कुठं, कशाच्या शेजारी, किती खोल होतं यात असतं. घरच्या काचेच्या कपाटात ते नुसतं फुटकं मडकं होतं.

कायदाही कडक आहे. राष्ट्रीय महत्त्वाच्या संरक्षित स्थळाचं नुकसान केल्यास १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्यानुसार दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवीन बांधकामाला बंदी आहे आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. जुनापाणी संरक्षित आहे. पण विदर्भातली कितीतरी वर्तुळं अशा यादीत नाहीत, आणि मुरूम उपसा, रस्ते, लेआउट यांत ती नाहीशी होतात. मला या गोष्टीचं फार वाईट वाटतं, कारण वर्तुळ एकदा जेसीबीखाली गेलं की त्यातली मांडणी पुन्हा कुणालाच वाचता येत नाही.

म्हणून, कुठं नोंद नसलेलं वर्तुळ किंवा चालू असलेली नासधूस दिसली तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नागपूर मंडळाला किंवा राज्य पुरातत्त्व विभागाच्या नागपूर कार्यालयाला फोटोसह लेखी कळवा. समाजमाध्यमांवर मात्र अशा उघड्या जागांचे अचूक अक्षांश-रेखांश टाकू नका. गुप्तधन शोधणारेही ते वाचतात.

मृतांकडून जिवंतांकडे

दुसऱ्या दिवशी किंवा दुसऱ्या फेरीत माहुरझरीकडे जा. तेही नागपूरच्या वायव्येला, जुनापाणीपासून जवळच. तिथं दफनवर्तुळं आहेत आणि प्राचीन वस्तीही. १९७० नंतरच्या उत्खननात इथल्या वर्तुळांतून लोखंडी हत्यारं, तांब्याची मूठ असलेले खंजीर, आणि घोड्याच्या हाडांबरोबर त्याचा तांब्याचा शिरोभूषणाचा पत्रा आणि लोखंडी लगाम मिळाले. घोड्याला साजासकट मालकासोबत पाठवणारे हे लोक होते. पुढे डेक्कन कॉलेजच्या उत्खननांतून इथं मणी बनवण्याचा मोठा उद्योग असल्याचं स्पष्ट झालं. संग्रहालयात पाहिलेल्या अकीकाच्या मण्यामागचे कारागीर इथले.

नायकुंड पेंच नदीच्या काठी, पारशिवनी तालुक्यात. तिथं लोखंड गाळण्याची एक छोटी गोल भट्टी सापडली, वक्र विटांची, हवा फुंकायच्या मातीच्या नळ्यांसकट, आजूबाजूला धातुमळी, म्हणजे लोखंड गाळून उरलेला मळ, पडलेली. काळ साधारण इसवी सनापूर्वी ७००. ही भट्टी आज जागेवर बघायला मिळेल अशी अपेक्षा ठेवून जाऊ नका. जायचं ते नदी, काळी जमीन आणि वर्तुळं यांचं एकमेकांपासूनचं अंतर पाहण्यासाठी. नायकुंड आणि भागीमोहारी इथल्या जळालेल्या दाण्यांवरून हे लोक गहू, जव, तांदूळ, मसूर, वाटाणा पिकवत आणि बोरं खात हेही कळलं आहे. बोरी तर त्या बरडावर अजून आहेत.

लांबची फेरी जमत असेल तर चंद्रपूर जिल्ह्यात चिमूर तालुक्यातलं हिरापूर गाठा. तिथला प्रकार वेगळा आहे: उभ्या शिळांवर आडवी शिळा टेकवून केलेली खोलीसारखी रचना. जाताना जुनापाणीची वही सोबत ठेवा. दगड कुठला वापरलाय, जागा उंचावर आहे की सखल, जवळचं पाणी किती अंतरावर आहे, दफन जमिनीखाली आहे की वर, या चार रकान्यांत हिरापूरचीही नोंद करा. दोन ठिकाणांच्या नोंदी शेजारी आल्या की पुढे काय वाचायचं ते आपसूक ठरतं. शां. भा. देव यांच्या उत्खननांचे अहवाल इंग्रजीत आहेत आणि नागपूर विद्यापीठाने टाकळघाट-खापा व माहुरझरीचे प्रसिद्ध केले आहेत. विद्यापीठाच्या किंवा मोठ्या ग्रंथालयात ते मागा, आणि आधी त्यांतले वर्तुळांचे आडवे छेद दाखवणारे नकाशे उघडा.